घडवलेला समुद्र : एका पाककृतीचा इतिहास

घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ आणि समुद्रफुले पाळणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद फार जुना आहे. टाकीत समुद्राचे पाणी आणून ओतावे, की गोड्या पाण्यात विकतचे मिश्रण विरघळवून समुद्र घरीच तयार करावा? प्रथमदर्शनी हा छंदिष्टांचा घरगुती तंटा वाटतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात डोके घालण्याचे काही कारण दिसत नाही. पण या वादाचा उगम शोधू लागले की आपण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील लंडनमधल्या एका घरापाशी येऊन थांबतो. ते घर इंग्रजी आत्मचरित्राच्या अभ्यासकांना परके नाही. एडमंड गॉस यांच्या 'फादर अँड सन' (१९०७) या पुस्तकातले वडील, म्हणजे फिलिप हेन्री गॉस, हेच घरगुती समुद्राच्या पहिल्या प्रसिद्ध पाककृतीचे जनक. बाप-लेकाच्या त्या कहाणीत धर्म आणि विज्ञान यांच्या झगड्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पाण्याकडे मात्र समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

गॉस यांच्याआधी एका बाईंचे नाव घ्यायला हवे. ॲना थिन या वेस्टमिन्स्टरच्या एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना काही जिवंत मॅड्रेपोर, म्हणजे दगडी प्रवाळाच्या कुळातले लहानसे प्राणी, सापडले आणि ते लंडनला न्यावेत असे त्यांच्या मनाने घेतले. सुईदोऱ्याने त्यांनी ते एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि दगडी बरणीत घालून शहरात आणले. समुद्र शेकडो मैलांवर राहिला होता आणि बरोबर आणलेले पाणी मोजकेच होते. ते टिकवण्यासाठी त्यांनी जो उपाय केला तो आम्हांला सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हापुन्हा ओतायचे, की त्यात हवा मिसळावी. हे काम घरातली मोलकरीण करी, आणि इतिहासात ती 'मोलकरीण' म्हणूनच उरली आहे. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशैवाल सोडले. शैवाल प्राणवायू सोडते, प्राणी तो घेतात, आणि पाणी जिवंत राहते. मोलकरणीच्या हातांचे काम काही अंशी वनस्पतीकडे गेले. थिनबाईंनी हा सगळा वृत्तान्त बऱ्याच उशिरा, १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर श्रेय पुरुषांमध्ये वाटून झाले होते. रिबेका स्टॉट यांनी २००३ साली 'थिएटर्स ऑफ ग्लास' हे पुस्तक लिहून त्यांना त्यांची जागा परत मिळवून दिली.

पुरुषांपैकी एक होते रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या औषध-व्यावसायिकांच्या संस्थेत रसायनज्ञ असलेल्या या गृहस्थांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधला तर पाणी न बदलता टाकी चालते, असे त्यांनी त्यात दाखवले. गोड्या पाण्यावरचा हा प्रयोग ते लवकरच खाऱ्या पाण्यावरही करू लागले. काचेवरचा कर इंग्लंडमध्ये १८४५ साली उठला होता, त्यामुळे मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या होत्या. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. आणि १८५४ मध्ये गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. आज आपण सहज वापरतो तो 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला तो या पुस्तकाने. त्याआधी 'व्हिव्हेरियम' वगैरे अवघडलेली नावे चालत.

गॉस हे प्रामुख्याने किनाऱ्यावरचे माणूस. डेव्हनच्या खडकांमधली डबकी न्याहाळत त्यांनी आयुष्यातला उत्तम काळ काढला. पण पुस्तके विकली जात ती लंडनमध्ये आणि लंडनच्याही पलीकडच्या, समुद्र न पाहिलेल्या गावांत. या वाचकांना पाणी कुठून मिळणार? गॉस यांचा पहिला सल्ला व्यवहारी होता : एखाद्या आगबोटीच्या कप्तानाला सांगून भर समुद्रातले पाणी पिंपात भरून आणवावे, आणि पिंप ओकच्या लाकडाचे नसावे, कारण त्यातले टॅनिन पाण्यात उतरते. पण हे ज्याला जमणार नाही त्याचे काय? म्हणून १८५४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पाणी घरीच घडवले आणि त्याच वर्षी त्याची कृती प्रसिद्ध केली.

कृती अशी. साधे खाण्याचे मीठ साडेतीन औंस. एप्सम सॉल्ट, म्हणजे औषधाच्या दुकानात जुलाबासाठी मिळणारे मीठ, पाव औंस. मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन. पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन. आणि हे सारे गॅलनभराहून किंचित कमी गोड्या पाण्यात. आजच्या मापाने सांगायचे तर साडेचार लिटरला थोडेसे कमी असलेल्या पाण्यात सुमारे ९९, ७, १३ आणि अडीच-पावणेतीन ग्रॅम. श्वाइट्झर नावाच्या रसायनज्ञाने ब्रायटनच्या किनाऱ्यावरील पाण्याचे पृथक्करण केले होते, त्याचा हा आधार. पण गॉस यांनी त्या यादीतले सगळेच घेतले नाही. ब्रोमाइड आणि चुन्याचे कार्बोनेट इतके थोडे की सोडून दिले. चुन्याचे सल्फेट विरघळायला जड, आणि नदीच्या पाण्यात ते थोडे असतेच, म्हणून तेही वगळले. समुद्राचा हा सारांश होता, आणि कोणत्याही सारांशात असते तसे त्यात सारांशकाराचे मत होते. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला नेमका चुनाच लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गाळणीचा अर्थ कळतो. गॉस यांची टाकी समुद्रफुलांची होती. समुद्रफुलाला हाडही नसते आणि कवचही नसते.

येथे मराठी वाचकाला एक शंका येणे स्वाभाविक आहे. समुद्राचे पाणी आटवूनच मीठ होते, तर उरण-भाईंदरकडचे मिठागरातले मीठ पुन्हा पाण्यात घातले की समुद्र का होऊ नये? आगरात काम करणाऱ्याला याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. उन्हात पाणी आटू लागले की त्यातले क्षार एकदम बाहेर पडत नाहीत, पाळीपाळीने पडतात. आधी चुन्याचे कार्बोनेट, मग जिप्सम, त्यानंतर आपले मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात, आणि ते कडू पाणी आगरी वाफ्यातून काढून टाकतो, नाहीतर मीठ कडवट होते आणि ओल धरते. म्हणजे खाण्याजोगे मीठ हे समुद्रातून बराचसा समुद्र वजा करून मिळते. गॉस यांची कृती, एका अर्थी, आगऱ्याने फेकलेले ते कडू पाणी पुडीपुडीने परत आणणारी आहे.

मात्र कृतीइतकाच महत्त्वाचा आहे तो तिच्यानंतरचा भाग. पाणी तयार करून गाळल्यावर गॉस यांनी त्यात लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी जिवंत शैवाल चिकटलेले दगड ठेवले आणि सुमारे आठवडाभर वाट पाहिली. पाणी 'पिकावे' लागते, ही जाण त्यांना होती. त्यामागचे कारण त्या काळी कोणालाच सांगता आले नसते. आज आपण जाणतो की दगडांवर आणि भिंतींवर जिवाणूंची वस्ती बसावी लागते, जी प्राण्यांच्या मलमूत्रातून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करते. ही वस्ती कोणत्याही पुडीत मिळत नाही. ती काळाने येते.

आता १८५७ कडे वळू. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉस यांच्या पत्नी एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे 'ऑम्फॅलॉस' प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा अर्थ नाभी. प्रश्न असा की पहिल्या पुरुषाला, जो कोणाच्या पोटी जन्मलाच नाही, नाभी होती का? गॉस यांचे उत्तर : होती. कारण सृष्टीतली प्रत्येक गोष्ट चक्राकार आहे, आणि चक्रात कुठूनही प्रवेश केला तरी मागचा भाग गृहीत धरावाच लागतो. नंदनवनातल्या झाडाला वाढीची वलये होती, जी वर्षे कधी आलीच नव्हती त्यांची. खडकांतले जीवाश्म असेच, ईश्वराने एका क्षणी निर्मिलेल्या जगाचा न घडलेला भूतकाळ. भूगर्भशास्त्र आणि बायबल यांचा समेट घडवण्याची ही त्यांची धडपड होती. एडमंडने सांगितल्याप्रमाणे श्रद्धावंत आणि अश्रद्ध दोघांनीही त्या पुस्तकाकडे पाठ फिरवली. चार्ल्स किंग्जली, ज्यांनी 'ग्लॉकस' (१८५५) या समुद्रकिनाऱ्यावरच्या पुस्तकात गॉस यांची मनापासून वाखाणणी केली होती, त्यांनीही कळवले की ईश्वराने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवले आहे असे मानणे आपल्याला शक्य नाही.

'ऑम्फॅलॉस'वर लिहिणारे बहुधा डार्विनकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र ते पुस्तक वाचताना १८५४ चे ते पाणी आठवत राहते. आपल्याकडे साहित्यकृतीला 'प्रतिसृष्टी' म्हणण्याची रीत आहे. शब्द विश्वामित्राच्या कथेतून आलेला. गॉस यांनी खरोखरच एक छोटी प्रतिसृष्टी केली होती. नदीचे पाणी, किराण्यातले मीठ आणि औषधवाल्याच्या पुड्या यांतून त्यांनी असा समुद्र घडवला, ज्याच्यामागे ना नद्यांनी झिजवलेले डोंगर होते ना युगानुयुगांचे बाष्पीभवन. तरीही त्यात समुद्रफूल उमलले. तीन वर्षांनी भूतकाळाविना भूतकाळ धारण करणारे जग कल्पिणाऱ्या माणसाच्या हाताशी हा अनुभव होता. त्याने तसा संबंध कुठे जोडला असे आम्ही म्हणत नाही. पण वाचकाने तो जोडू नये असेही नाही. आणि जोडला, तर त्यातली मेख अशी की त्यांचेच पाणी त्यांच्या सिद्धान्ताला साथ देत नव्हते. एका क्षणी सर्वांगपूर्ण निर्माण झालेला समुद्र त्यांना मिळालाच नाही. आठवडाभर थांबावे लागले. टाकी सांभाळणाऱ्या गॉस यांना काळाची गरज ठाऊक होती. ग्रंथ लिहिणाऱ्या गॉस यांनी ती बाजूला ठेवली. याच वर्षी ते लंडन सोडून टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला कायमचे राहायला गेले. घडवलेल्या समुद्राची कृती देणारा माणूस उरलेले आयुष्य खऱ्या समुद्राशेजारी जगला.

लंडनमध्ये तोवर छंदाचे वेड झाले होते. रीजंट्स पार्कजवळच्या पोर्टलंड रोडवर विल्यम अ‍ॅलफर्ड लॉइड यांच्या दुकानात टाक्या, प्राणी आणि समुद्राचे पाणीही विकत मिळे. १८५६ च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री लुइस आणि मेरियन एव्हान्स बरण्या घेऊन इल्फ्रकोमच्या खडकांवर हिंडत होते. त्यातून लुइस यांचे 'सी-साइड स्टडीज' (१८५८) झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेरियनने पहिली कथा लिहायला घेतली व पुढे त्या जॉर्ज एलियट झाल्या. किनाऱ्यावरच्या या निरीक्षणाने त्यांच्या कादंबरीतल्या सूक्ष्म तपशिलाला वळण दिले असे काही अभ्यासक मानतात. असो. आमचा मुद्दा वेगळा आहे. कृत्रिम पाण्याने खऱ्या समुद्रावरचा भार हलका व्हायला हवा होता, झाले उलटे. पाणी घरी होऊ लागले, पण प्राणी घरी होत नव्हते. समुद्रापासून दूरच्या गावांतही टाक्या मांडल्या गेल्या आणि त्या भरायला माणसे किनाऱ्यावर तुटून पडली. 'फादर अँड सन'मध्ये एडमंड फार हळहळून सांगतो, की बालपणी पाहिलेली ती खडकांतली डबकी पुढे उजाड झाली, आणि वडिलांच्या पुस्तकांनीच नकळत ही झुंड तिथे आणली. त्या पुस्तकातला हा उतारा आम्हांला धर्मसंघर्षाच्या प्रकरणांहूनही अधिक व्याकूळ करणारा वाटतो.

लॉइड पुढे मोठे झाले. १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचे अ‍ॅक्वेरियम त्यांच्या देखरेखीखाली उघडले. तिथे पाणी ब्रायटनहून रेल्वेने आणले होते, म्हणजे नैसर्गिक. पण ते एकदा आणले की आणले. दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद खाली बांधून त्यातून ते अखंड खेळवले जाई. समुद्राचे पाणी जुने होत नाही. ते फिरते, हवेशी मिसळते आणि अंधारात विसावते राहिले तर कायम टिकते, असे लॉइड यांचे म्हणणे. खरे आणि घडवलेले या वादात त्यांनी निराळाच प्रश्न उभा केला : पाणी आले कुठून, यापेक्षा ते राखले कसे.

शास्त्राने मात्र वादाच्या दुसऱ्या बाजूला बळ दिले. जगभरच्या समुद्रांत क्षारांचे एकूण प्रमाण कमीजास्त असले तरी त्यांचे परस्परांशी प्रमाण जवळपास सारखेच असते, असे अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्येच सुचवले होते. फोर्शहॅमर यांनी १८६५ मध्ये त्याला भरघोस पुरावा दिला. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाची सागरपरिक्रमा करून पाणी गोळा केले आणि विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ मध्ये तेच सिद्ध केले. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास. हे सहा घटक धरले की नव्याण्णव टक्क्यांहून अधिक क्षार हिशेबात आले. याचा अर्थ, समुद्राची पाककृती लिहिता येते आणि ती एकच असते. १९४० मध्ये लायमन आणि फ्लेमिंग यांनी प्रयोगशाळेसाठी अशी नेमकी कृती दिली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यातून, म्हणजे समुद्रापासून दूर, 'इन्स्टंट ओशन' या नावाने ती पिशव्यांत विकली जाऊ लागली. त्याआधी, १९३० मध्ये, शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमने सुमारे दहा लाख गॅलन पाणी फ्लोरिडाच्या की वेस्टहून रेल्वेने आणवले होते. आगगाडीची जागा पिशवीने घेतली.

त्याच दशकाच्या आरंभी, १९६१ मध्ये, जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात अगदी उलट मार्ग मांडला : किनाऱ्याचे ताजे पाणी, सजीवांनी भरलेले खडकाचे तुकडे, सूर्यप्रकाश आणि हवेचे संथ बुडबुडे. यंत्रे जवळपास नाहीतच. जिवंत खडकाची ही कल्पना पुढे युरोप-अमेरिकेतील प्रवाळटाक्यांचा पाया ठरली. पाणी मात्र त्यांनी पिशवीचेच ठेवले. जाकार्ताच्या त्या गृहस्थांना बर्फाळ शहरांतल्या खोल्यांमध्ये कोणते रूप मिळाले, हा भाषांतरमीमांसेला शोभेल असा विषय आहे.

वादाचे उरलेले मैदान आहे ते त्या शेवटच्या अर्ध्या-एक टक्क्याचे. तांबे, जस्त, आयोडीन, स्ट्रॉन्शियम आणि इतर सूक्ष्म द्रव्ये. औद्योगिक क्षार कितीही शुद्ध केले तरी त्यांच्याबरोबर धातूंचा अंश येतो, आणि काही बाबतींत तो खुल्या समुद्रापेक्षा बराच अधिक भरतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅटकिन्सन आणि बिंगमन यांनी बाजारातल्या मिश्रणांचे पृथक्करण केले तेव्हा मुख्य घटक समुद्राच्या बरेच जवळ आढळले, सूक्ष्म घटक तसे नव्हते. २००३ मध्ये रोनाल्ड शिमेक यांनी काटेरी सी अर्चिनच्या अळ्या वेगवेगळ्या मिश्रणांत वाढवून पाहिल्या. काहींत त्या नीट तगल्या नाहीत. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली. दुसऱ्या बाजूला, विकतचे पाणी समुद्राहून मुद्दाम 'सरस'ही केलेले असते. समुद्राची क्षारीयता जर्मन मापाने सातच्या आसपास. पिशवीवर आठ ते बारा असे आकडे दिसतात, म्हणजे प्रवाळाने भराभर वाढावे. गॉस यांनी चुना वगळला होता, त्यांच्या वारसांनी तो मुठीने वाढवला आहे.

आमचे मत विचाराल तर ते शास्त्रज्ञाचे नाही, वाचकाचे आहे. नैसर्गिक पाण्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यातला खरा ऐवज रासायनिक नसून जैविक आहे : त्यात डिंभक आहेत, प्लवक आहेत, ज्यांची नावेही कोणी ठेवली नाहीत असे जीव आहेत. कॅलिफोर्नियातील माँटेरे बेचे अ‍ॅक्वेरियम दिवसा उपसागराचे पाणी गाळून घेते, कारण प्रेक्षकांना काचेपलीकडचे दिसले पाहिजे; रात्री न गाळता घेते, आणि त्याबरोबर आलेले जीव टाकीतल्या खडकांवर वस्ती करतात. हे कोणत्याही पिशवीला साधणार नाही. पण हेच पाणी त्याच कारणाने रोग, तेल आणि सांडपाणीही घेऊन येते.

मुंबईचेच पाहा. १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते समुद्राला खेटून. आज शहरातला छंदी माणूस चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर राहत असला तरी आरओच्या पाण्यात पिशवी रिकामी करतो, कारण किनाऱ्याच्या पाण्यात शहराचा मैला उतरतो आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या लोंढ्याने तिथला खारेपणा घसरतो. दगडी प्रवाळ तर त्याला पाळताही येत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. एडमंड गॉसच्या डबक्यांना असे संरक्षण मिळाले नाही. अर्थात कायदा तोडणाऱ्याला रोखतो, तापणाऱ्या पाण्याला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रवाळांचे जागतिक विरंजन चौथ्यांदा जाहीर झाले. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे, म्हणजे श्वाइट्झरने ब्रायटनला तपासलेले पाणी आज ब्रायटनलाही तसेच्या तसे मिळणार नाही.

तरीही ज्यांना खरेच पाणी हवे असते ते पावसाळा टळल्यावर, भरतीच्या वेळी, किनाऱ्यापासून दूर होडीने जाऊन ते भरून आणतात. लाकडी पिंपाऐवजी आता प्लॅस्टिकचे कॅन असतात. घरी आणलेले पाणी काही आठवडे झाकून अंधारात ठेवायचे, त्यात हवा खेळवायची आणि गाळ बसला की वरचे निवळ तेवढे घ्यायचे, असे जाणते लोक सांगतात.